काळी दोनवरचं टिंब

चाचा, सलाम.

तुम्हाला मी आठवते की नाही, ठाऊक नाही. परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाचे दिवस होते. गर्दीत ऑटो मिळेना, म्हणून आजोबांची पेटी डोक्यावर घेऊन तुमच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात आले होते. माळवदाखाली वर्षानुवर्षं पडलेली भजनातली पेटी. उंदरांनी भाता कुरतडलेला, निम्मे सूर मुके.

तुम्ही पेटीला हातच लावला नाही. म्हणालात, "अगोदर गा, बेटा. पेटी कुठं पळून चालली?"

मला घाम फुटला. त्याआधी जो भेटला, त्यानं ऐकायच्या आधीच मला दुरुस्त करायला घेतलं होतं. ऑर्केस्ट्रावाले म्हणायचे, बायकांचा सूर काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. दुसऱ्या अंतऱ्याला आवाज फाटायचा, वर 'रियाज कमी पडतो' हे ऐकायचं. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "ते 'काहून' काढा, 'का' घाला. मात्रा वाचतील." मात्रा वाचल्या असत्या, पण माझी आजी गाण्यातून गेली असती. एका स्टुडिओवाल्यानं ॲडव्हान्स घेतला. गाणं अजून 'मिक्सिंगला' आहे. असो.

तुम्हाला मी आजीचीच चाल ऐकवली. माझी सगळी गाणी तिच्या जात्यातून निघालीत. आमचं गाव गंगाखेडजवळ, जनाबाईंच्या गंगाखेडजवळ. आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेली, सुकडीवर जगली, अन् ते सगळं तिनं ओवीत घातलं. दळायची पहाटे चारला. लेकरं उठू नयेत म्हणून आवाज खाली. तिचा सूर तसाच घडला, माझा तिच्यावरनं. दुसरी शाळा १४ एप्रिलची. भीमजयंतीला वस्तीवरच्या भोंग्यातून लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी यायची. आपण बोलतो त्याच शब्दांत गाणं उभं राहतं, हे मला तिथं कळलं.

यातलं काहीच मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या एका पेटीवर बोट ठेवून तुम्ही माझ्या मागं मागं खाली उतरत आलात अन् काळी दोनवर थांबलात. परत गायला लावलंत. मग आमची पेटी उघडली. सूर देणाऱ्या पितळी रीडखाली कागदाची पट्टी सरकवून धूळ काढलीत, टोकाशी ब्लेडनं पितळ हलकेच खरवडलंत, सूर केसभर चढला. आणि शेवटी पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन काळी दोनवर टिंब लावलंत. "हा तुझा सा. कुणी हलव म्हणलं तर हलवू नको."

चुना त्या स्टुडिओवाल्यानंही लावला होता, चाचा. पण तुमचा वेगळा.

पैसे पूर्ण घेतलेत, ते बरं केलंत. फुकट केलं असतं तर कीव केली असं वाटलं असतं. डॉक्टर असो, मास्तर असो, तलाठी असो, आधी ऐकून घेणारा माणूस लई कमी भेटतो. आपल्याकडं तर लोक 'बोला' म्हणतात अन् स्वतःच बोलतात.

परवा एका कार्यक्रमात साथीदारानं विचारलं, "मॅडम, पांढरी चार धरू?" म्हणलं, काळी दोन. 'काहून'सकट गायले.

टिंब आता पुसत आलंय. पाऊस उघडला की पेटी घेऊन येते, परत लावून द्या. पान मी आणते.