आईला मुंबई बघायचीय

गिरगाव,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय वश्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. फोनवर तू मध्येच तोडतोस आणि मग आपण क्रिकेटवर घसरतो. मंगलला सांगितलं, ती म्हणाली, "जाऊ या की, त्यात काय?" दादाला सांगितलं, तो म्हणाला, "या वयात?" दोघांचंही बरोबर असेल. पण आईच्या हातची पोळीभाजी डब्यात घेऊन माझ्याबरोबर अख्खी मुंबई पालथी घातलीस ती तू. त्यामुळे हे तुलाच कळणार.

आमच्या तब्येती ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे.

तर झालं असं. आपल्या चाळीचं एकदाचं ठरलं. नवीन वर्षात खोल्या रिकाम्या करायच्या, आणि इमारत उभी राहीपर्यंत आम्ही बोरिवलीला भाड्याने. परवा माळ्यावरचं सामान काढत होतो. आई खाली बसून तांब्या-पितळेची भांडी वेगळी करत होती. हातातला गडवा बाजूला ठेवून म्हणाली, "बाळ, इथून जायच्या आधी मला मुंबई दाखव." मला वाटलं, मुंबादेवीला जायचंय. म्हटलं, उद्याच जाऊ. तर म्हणाली, "देवी नव्हे रे. मुंबई. तुम्ही दोघं बघून यायचात ती."

वश्या, १९६१ साली लग्न होऊन ती ठाकुरद्वारला आली. मुंबादेवी, बाबुलनाथ, महालक्ष्मी, वाळकेश्वर हे सगळं तिला पाठ. बाणगंगेच्या पायऱ्यांवर श्राद्धपक्षाला किती वेळा बसली असेल. चौपाटी अनंत चतुर्दशीची, तीही गर्दीच्या मागून. गेटवेला बाबा एकदा घेऊन गेले होते, तिथे शेंगदाणे खाऊन परत आले. बाकीची मुंबई तिनं आपल्या दोघांच्या तोंडून ऐकली. आपण रात्री जेवताना बडबडायचो आणि ती तव्यापाशी बसून ऐकायची. तिनं ते सगळं लक्षात ठेवलंय. कालनिर्णयच्या फाटक्या पानामागे पेन्सिलीनं यादी केलीय: घारापुरी. डबल डेकर, वर, पुढे बसून. व्ही.टी., धावत न जाता. राणीच्या बागेतलं म्युझियम. राजाबाई टॉवर. शेवटी लिहिलंय, "वसंत म्हणायचा तो दगडी हत्ती."

तो हत्ती तुझाच! घारापुरीच्या धक्क्याजवळ तो उभा होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, आणि हत्ती मात्र भायखळ्याला राणीच्या बागेत येऊन बसलाय, हे तू तिला ऐकवलं होतंस. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तो फुटला, हेही. तू ते इतकं हातवारे करून सांगितलंस की भाजी लागली होती. तिला भाजीही आठवते.

भायखळ्याची मला चिंता नाही. म्युझियम १८७२चं, डॉ. भाऊ दाजींचं नाव १९७५मध्ये दिलं. आत मातीच्या बाहुल्या आहेत, निरनिराळ्या जातीधंद्यांची माणसं, पगड्या, गलबतांच्या प्रतिकृती. तिथे ती तासभर रमेल. बसायलाही जागा आहे. फक्त बुधवार टाळायचा.

व्ही.टी.चंही सोपं आहे. आपल्या गिरगावातून मेट्रो सुरू झाली ना, काळबादेवी आणि मग थेट सीएसएमटी, म्हणजे आपलं व्ही.टी. लिफ्ट आहे. त्या स्टेशनापायी आपल्या भागातली किती घरं उठली ते तुला माहीत आहे, आणि अजून तिथून जाताना माझी नजर जुन्या दारांना शोधते. पण आईला जिन्याशिवाय खाली नेणारी ती एकच सोय आहे. व्ही.टी.चं काम १८७८ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं. तिनं त्या इमारतीत आयुष्यभर फक्त फलाट नंबर बघितला. कोकणातल्या गाडीसाठी बोचकं सांभाळत धावायचं, वर कोण बघणार? आता तिला फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ दाखवायचेत, दगडातले मोर, पानं, घुमटावरची ती बाई. तिथून ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई, दुसऱ्या बाजूला त्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. आपण तिथे क्रिकेट खेळलो तेव्हा आपल्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तू बाद असूनही खेळत राहिलास हे मात्र मला आजही ठाऊक आहे. बंड्या साक्षीला आहे.

राजाबाईची गोष्ट तिला फार आवडली. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. त्यांच्या आईला दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचा नेम, म्हणून तिला वेळ कळावी असा तो घंटेचा मनोरा, असं सांगतात. आई म्हणाली, "२८० फुटांचं घड्याळ! आणि तुझ्या बाबांनी मला मनगटावरचंही दिलं नाही." हसत होती, पण मला माहीत आहे, बाबांनी दिलेलं एक घड्याळ तिनं माझ्या फीसाठी विकलं होतं.

डबल डेकरची पंचाईत आहे. १९३७पासून धावणारी आपली लाल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ला बंद झाली. त्या रात्री मी तुला फोटो पाठवला होता, तू फक्त अंगठा दाखवलास. आता विजेवरची आहे, एसीवाली, सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएकडे जाणारी ११५ नंबर. खिडकी उघडत नाही, वारा नाही, पण वरचा मजला आहे आणि पुढची काचही आहे. पुढच्या सीटवरून आपण दोघं किती भांडलो! या खेपेला उजवी सीट आईची, डावी मंगलची. आपण मागे उभे राहू.

आता खरी गोष्ट. घारापुरी.

मंगल नको म्हणते. डिसेंबर २०२४मध्ये नौदलाची स्पीडबोट लाँचवर आदळली तेव्हापासून ती त्या पाण्याकडे बघत नाही. हल्ली लाइफ जॅकेट घालायला लावतात, हे मी तिला सांगितलं. तरी नकोच म्हणते. मला लाँचची भीती नाही. मला भीती आहे ती चढण्या-उतरण्याची. गेटवेच्या त्या पायऱ्या तुला आठवतात, शेवाळलेल्या. एका लाँचला दुसरी बांधलेली, एकीवरून दुसरीवर पाय टाकायचा, खाली पाणी वरखाली. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. पलीकडे उतरल्यावर छोटी गाडी आहे, पुढच्या १२०च्या आसपास पायऱ्यांना डोलीवाले मिळतात. ते जमेल. अडचण धक्क्यावरच आहे.

म्हणून मी तुझ्या रेवदंड्याच्या आजोबांचा हिशेब मांडून बसलोय. तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती, थोडं पुढेमागे. भरतीला लाँच वर उचललेली असते, पायरीला जवळ लागते. सकाळी नऊच्या सुमाराची भरती हवी तर द्वादशी. पण एकादशीला आईचा कडक उपास, द्वादशीला घरी पारणं सोडल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. मग त्रयोदशी. पावणेदहाची भरती. आणि त्रयोदशी म्हणजे प्रदोष! शंकराचा दिवस. हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होतास. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा त्रयोदशी सोमवारी नको. मार्गशीर्षातला गुरुवार नको. एवढं सगळं जुळवायचंय.

पण परतताना काय? दोन-अडीचला गेटवेला येऊ तेव्हा ओहोटी लागून पाणी बरंच खाली गेलेलं असणार. पायऱ्या उघड्या, निसरड्या, आणि तिला खालून वर ओढून घ्यावं लागणार. त्याऐवजी चतुर्दशी-पौर्णिमा धरली तर भरती साडेदहा-सव्वाअकराला, म्हणजे जाताना पाणी अर्धं आणि येतानाही अर्धं. तुझं काय मत? गुडघ्याच्या माणसाला चढणं वाईट की उतरणं? वहिनींच्या ऑपरेशनच्या वेळी तू हे सगळं केलंयस, म्हणून विचारतो. आजोबा असते तर एका वाक्यात सांगितलं असतं.

आणि त्रिमूर्तीपुढे तू तिला पुन्हा "ब्रह्मा-विष्णू-महेश" सांगणार नाहीस, असं आत्ताच कबूल कर. तो एकटा शिवच आहे. मधला शांत, एका बाजूला उग्र, दुसऱ्या बाजूला हातात कमळ घेतलेलं ते कोमल रूप. या भांडणात माकडानं तुझा डबा पळवला आणि तू त्याच्याशी हात जोडून मराठीत बोललास, हे आईला फार आवडतं, अजून सांगायला लावते. तिला मी आधी त्रिमूर्तीपुढे नेणार नाही. कल्याणसुंदराकडे नेईन, शिवपार्वतीचं लग्न. पोर्तुगीजांच्या काळात खूप मोडतोड झाली, तरी पार्वतीची ती झुकलेली मान शाबूत आहे. आई चाळीतल्या प्रत्येक लग्नात मुलीच्या मागे उभी राहिलीय. तिला ते न सांगता कळेल.

वश्या, एवढा हिशेब मांडतोय, पण पायऱ्यांच्या मागे दुसरंच आहे. तुझ्या आईनं शेवटच्या वर्षी पंढरपूर मागितलं होतं. आपण तिला गाडीतून नेलं, येताना ती म्हणाली, "झालं बाई सगळं." ते वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही. आता माझी आई यादी करतेय आणि मला रात्री झोप लागत नाही. ती फक्त खोली आवरतेय ना? दिवसा बघितलं तर तसं काहीच दिसत नाही. तिनं कॅनव्हासचे बूट मागवलेत, पांढरे. वीणाकडून मोबाईलवर लेणी बघून घेतली. जोशीकाकूंना सांगून आली, "आम्ही समुद्रातून जाणार." एवढी खूश मी तिला बाबा गेल्यापासून बघितली नव्हती. आणि त्याच आनंदाची मला धास्ती वाटते. हे मंगलला सांगितलं तर ती रडेल, दादाला सांगितलं तर तो जाणंच रद्द करेल. न नेण्याचा विचार मात्र माझ्या मनात येत नाही. नेणार. पडली, थकली, भिजली तरी नेणार.

चिनूच्या सीएचा निकाल लागला का? वहिनी आता काठीशिवाय चालतात असं बंड्या म्हणाला, ऐकून बरं वाटलं. तू रिटायर होऊन त्या सोसायटीचं सेक्रेटरीपद का घेतलंस ते मला समजलेलं नाही. भेटल्यावर बोलू.

तर काम असं. तुझ्या कालनिर्णयमध्ये मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशीचा वार बघ, मी बघितलाय, पण तू एकदा बघ. पटलं तर दशमीला सकाळी इथे पोचेल असं विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढ. आम्ही तुला घ्यायला व्ही.टी.ला येऊ, म्हणजे आईचं व्ही.टी. गर्दी वाढायच्या आत तिथेच होईल. तिला हात द्यायला मला एका बाजूला तू हवास. मी एकटा तिला त्या लाँचवरून उचलू शकणार नाही आणि अनोळखी माणसाच्या हातात ती हात देणार नाही, तुझ्या देईल. पायात रबरी तळव्याचे बूट घाल, चपला नकोत. वहिनी आल्या तर उत्तमच, म्युझियमला दोघी बरोबर बसतील.

आणि उत्तर पत्रानंच पाठव. आई वाचून दाखवायला सांगणार, तेव्हा पंढरपूरचं काही लिहू नकोस. ते फोनवर बोल, मी गॅलरीत जाईन.

तुझा,
बाळ