पेशंट जिथे रेफर होतो, तिथे लेकीला जाऊ दे

प्रिय बाळ्या,

लेकीचं नाव राज्याच्या मेरिट लिस्टमध्ये पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. संध्याकाळी फोनवर बोललो खरं, पण तुझा सूर एक, वहिनींचा दुसरा, आणि पोरगी मागून काहीतरी सांगू पाहत होती, तिला कोणी बोलूच देईना. म्हणून सविस्तर लिहितोय. तिलाही वाचायला दे.

तुमचा घोळ मला समजला तो असा. मार्कांवर घाटी, म्हणजे संभाजीनगरचं जुनं सरकारी मेडिकल कॉलेज, मिळू शकते. पण बुलढाण्यातच आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तर घरचं जेवण सोडून पोरीला संभाजीनगरला हॉस्टेलवर कशाला धाडायचं, असं वहिनींचं म्हणणं. डिग्री दोन्हीकडे एकच, एमबीबीएस. विद्यापीठही एकच, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ. पुस्तकं तीच, पेपर तोच. मग पसंतीक्रमात वर काय टाकायचं?

मी घाटीचा विद्यार्थी, तेव्हा माझं मत थोडं तिकडे झुकणारच. ते वजा करून वाच.

आधी अभ्यासक्रम पटकन सांगतो. साडेचार वर्षं शिक्षण आणि वरून एक वर्षाची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्मॅकोलॉजी. शेवटी मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, बालरोग हे चार मोठे डोंगर. पहिलं वर्ष पास व्हायला आता चारच संधी आहेत, म्हणून सुरुवातीला ढिलाई नको. २०१९च्या बॅचपासून अभ्यासक्रम बदलला. नुसतं ‘माहीत आहे’ म्हणून भागत नाही, करून दाखवावं लागतं आणि तशी लॉगबुकमध्ये सही घ्यावी लागते. पहिल्या वर्षापासून थोडाफार पेशंट दाखवतात, गावातली काही कुटुंबं ‘दत्तक’ देतात, त्यांच्याकडे जाऊन बीपी बघा, लसीकरण विचारा, असं चालतं. पेशंटशी बोलायचं कसं, वाईट बातमी सांगायची कशी, याचेही आता तास असतात. आपल्या काळी हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरचा ओरडा खाऊन शिकायचे.

कागदावर हे सगळं प्रत्येक कॉलेजात सारखंच. फरक पडतो तो दुसऱ्या वर्षी, रोज सकाळी वॉर्डातलं क्लिनिकल पोस्टिंग सुरू होतं तेव्हा. पोरगी अ‍ॅप्रन घालून खाटेपाशी उभी राहील त्या सकाळी त्या खाटेवर कोण असेल, एवढाच प्रश्न विचार.

आणि याचं उत्तर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुझ्या काकांना अ‍ॅटॅक आला तेव्हा काय झालं होतं? बुलढाण्याहून चिठ्ठी लिहून दिली आणि रात्रीतून अ‍ॅम्ब्युलन्स घाटीला. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी मुळीच नावं ठेवत नाही. जेवढं हातात आहे तेवढं ते करतात, बाळंतपणं तर मोठ्या हॉस्पिटलच्या तोंडात मारतील इतकी करतात. पण गुंतागुंतीचा पेशंट वर पाठवायचा, हीच त्या व्यवस्थेची रीत आहे. म्हणजे विद्यार्थ्याने जो पेशंट पाहायला हवा, तोच नेमका तिथून निघून जातो. घाटी १९५६पासून उभी आहे, हजारावर खाटा, आणि जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून आपल्या बुलढाण्यापर्यंतचा चिठ्ठीवाला पेशंट तिच्या कॅज्युअल्टीत येऊन पडतो. माझं म्हणणं साधं आहे : पेशंट जिथे रेफर होतो, तिथे पोरीला जाऊ दे.

खाटेपाशी म्हणजे काय शिकतात, ते एका प्रसंगातून सांगतो. गेल्या फवारणीच्या हंगामात आमच्या वॉर्डात कीटकनाशक पोटात गेलेला एक शेतकरी होता. कोणतं औषध, कसं गेलं, ते आता सोड. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. अशा वेळी अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध देतात आणि दर पाच मिनिटांनी पाहायचं : छाती साफ झाली का, नाडी ऐंशीच्या वर गेली का, काखेतला घाम सुकला का. नाही, तर डोस दुप्पट. रात्रभर इंटर्न मुलगी टॉर्च आणि घड्याळ घेऊन खाटेपाशी. सकाळपर्यंत माणूस बोलायला लागला, नातेवाईक सुटलो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राउंडच्या आधी ती मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “सर, त्यांना उशीवरून मान उचलता येत नाहीये.” बाकी सगळं ठीक. नाडी ठीक, बाहुल्या ठीक, पेशंट बोलतोय. पण या विषबाधेत पहिले एक ते चार दिवस असे असतात की स्नायू आतून लुळे पडत जातात. मान आधी जाते, मग श्वास. त्याला दुपारीच व्हेंटिलेटरवर घेतलं. पुढे तो घरी गेला. त्या मुलीने हे पुस्तकात वाचलं होतंच, वाचलेलं सगळ्यांनीच असतं. पण रोज सकाळी “काका, जरा मान उचला बघू” असं म्हणायची सवय तिला एका सेकंड इयर रेसिडेंटने लावली होती. बाळ्या, मला जे सांगायचंय ते या रेसिडेंटमध्ये आहे. जुन्या कॉलेजात एमडी-एमएस करणारी मुलं, म्हणजेच हे रेसिडेंट, असतात, आणि एमबीबीएसच्या पोरांना खरं शिकवतात ती. प्रोफेसर सकाळी तासभर. रात्री दोन वाजता छातीचा एक्स-रे खिडकीला धरून समजावतो तो हा सेकंड इयर रेसिडेंट. नव्या कॉलेजात पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, जागा मिळायला वेळ लागतो, तोवर तो मधला थर नसतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर वहिनी म्हणतील भावोजी एकतर्फी बोलतात. मोठ्या हॉस्पिटलात पेशंट उदंड, पण प्रत्येक कामाला रेसिडेंट टपलेला. टाके तो घालणार, छातीतलं पाणी तो काढणार, आणि इंटर्न रक्ताच्या नळ्या घेऊन लॅबच्या खेटा मारणार. घाटीत एका बॅचला दोनशे मुलं. एका खाटेभोवती वीस जण उभे राहिले की मागच्या रांगेतल्याला पेशंटचे पाय दिसतात फक्त. बुलढाण्याची बॅच लहान आहे, तिथे स्वतःच्या हाताने काम करायची संधी लवकर मिळेल हेही खरं. २०२४ साली राज्यात एका दमात दहा सरकारी कॉलेजं निघाली. बुलढाणा, वाशिम, हिंगोली, जालना, गडचिरोली इथली जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने. दहा वर्षांनी तुझ्या पुतणीच्या वेळी कदाचित मीच म्हणेन, घरीच राहू दे. पण आपली पोरगी आत्ता जातेय.

आणि खरी काळजी वेगळीच आहे, ती कुठल्याही कॉलेजात लागू. हल्ली फायनल इयरची मुलं वॉर्डात दिसत नाहीत. चेहरा दाखवून हजेरी लावायची आणि लायब्ररीत जाऊन ‘नीट पीजी’ या एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवायचे. मोबाइलवर व्हिडिओ लेक्चर, कानात बोळे. त्यांनाही दोष कसा देऊ? एमडीच्या जागा मोजक्या, आणि परीक्षा चार पर्यायांची. मान उचलायला सांगितली का, हे त्यात कोणी विचारत नाही. गेल्या परीक्षेत एका हुशार मुलाने लाँग केस, म्हणजे एका पेशंटची सविस्तर तपासणी, मांडली, निदान अचूक, पुढच्या तपासण्या तोंडपाठ. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, यकृत तपासून दाखव. त्याने हात थेट बरगडीखाली ठेवला. अरे, उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करायची, पेशंटच्या प्रत्येक श्वासाबरोबर हात वर सरकवायचा, नाहीतर वाढलेल्या यकृताची कडा हाताखालीच राहते आणि कळतच नाही. म्हणून पोरीला एवढं सांग : कितीही अभ्यास असो, दिवसाला एक पेशंट पूर्ण तपासायचा. नाव-गावापासून. रेसिडेंटच्या मागे चिकटून राहायचं. वॉर्डातल्या मामा-मावशींशी आणि सिस्टरशी गोडीत राहायचं. कुठल्या खाटेवर काय चाललंय ते त्यांना सर्वांत आधी कळतं.

पुढचं फार लांब बघू नका, पण तू बॉण्डचं विचारलं होतंस. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, तो बॉण्ड. लोक याला शिक्षा समजतात, मला पटत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातले, नागपूरच्या सरकारी कॉलेजचे. नोकरी लागली ती रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे विंचू चावून माणसं मरत होती, आणि त्याच पेशंटांवर त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार बसवला, जो पुढे जगाने मान्य केला. सगळ्यांना असं जमत नाही हे मान्य, पण प्राथमिक आरोग्य केंद्रातलं वर्ष वाया जातं हे काही खरं नाही. त्यानंतर एमडी किंवा एमएस तीन वर्षं, त्यात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात. मग हवं असेल तर डीएम, एमसीएच या त्यावरच्या सुपरस्पेशालिटी डिग्र्या, आणखी तीन. तोवर तुझे केस उरले तर पांढरे होतील.

वहिनींसाठी. सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी विचारला तो अगदी रास्त आहे. कोलकात्याला ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, त्या घटनेनंतर माझ्याकडच्या मुलींचे आई-वडीलही हेच विचारतात, आणि “काही काळजी करू नका” असं मी कुणालाच म्हणत नाही. त्यापेक्षा अ‍ॅडमिशनला जाल तेव्हा स्वतः बघा. लेडीज हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंतच्या रस्त्यावर रात्री दिवे असतात का, मुलींच्या ड्यूटी रूमला आतून कडी आहे का, वॉर्डाबाहेर गार्ड बसतो का. सीनियर मुलींना गाठून विचारा, त्या खरं सांगतील. रॅगिंगविरोधी कायदा राज्यात १९९९पासून आहे, तक्रार करायला कचरायचं नाही, हे पोरीला आधीच सांगून ठेवा. आणि मेसचं जेवण वाईटच असतं. त्याला इलाज नाही. दर पंधरवड्याला डबा पाठवा.

आता कामाचं. पसंतीक्रम भरताना “हे मिळणार नाही बहुतेक” असा अंदाज बांधून कॉलेजं खालीवर करू नका. जे मनापासून हवं ते पहिलं, त्यानंतरचं दुसरं. वाटप मेरिटनेच होतं, वर टाकल्याने नुकसान काही नाही. घाटी, मग अकोला, मग बुलढाणा, अशी माझी यादी. पण शेवटचं बोट पोरीचं असू दे. परवा ती मागून नेमकं काय म्हणत होती ते मला अजून कळलेलं नाही, तिला सांग काकांना स्वतः फोन कर, रात्री नऊनंतर. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल, सगळ्यांच्या झेरॉक्सचे तीन-तीन संच काढून ठेव, मूळ प्रती प्लास्टिकच्या फाइलमध्ये. नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघ, तिथेच लोक अडकतात. महागडा स्टेथोस्कोप इतक्यात घेऊ नकोस, पहिल्या वर्षी साध्यावर भागतं, आणि महागडा हॉस्टेलवर हरवतो. तो मी घेणार आहे, दुसऱ्या वर्षी.

पोळ्याला गावी येतोय. तेव्हा बोलूच. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अण्णा