त्वचा व पाय तपासणी शिबिरासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मधुमेही मंडळाचे यंदाचे त्वचा व पाय तपासणी शिबिर १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, घ्यायचे ठरले आहे. दिवस थोडे उरलेत आणि जमवाजमव निम्म्यावरही आलेली नाही, म्हणून हे घाईचे पत्र.

हे शिबिर उभे राहिले ते आपल्या माजी अध्यक्षांमुळे. साखर मोजायला आलेल्या प्रत्येकाला चपला-मोजे काढायला लावायचेच, हा दंडक त्यांचा. सुरुवातीला लोक रागावत, पण ते हटले नाहीत. आपल्या डॉक्टरीणबाई तर दरवर्षी स्वतःचा दवाखाना बंद ठेवतात आणि एक पैसाही न घेता, खाली बसून एकेकाच्या बोटांच्या बेचक्या उघडून पाहतात. तपासणीचे टेबल आणि दिवा ज्या काकूंनी यजमानांच्या स्मरणार्थ दिला, त्या आजही पहिल्या खुर्चीवर बसून नावे लिहून घेतात. त्यांचे यजमान पायाच्या चिघळलेल्या जखमेतूनच गेले. या सर्वांचे ऋण मंडळ मानते.

गेल्या शिबिरात एक मुलगी आली होती. मानेवरचा काळा, मखमलीसारखा पट्टा मळ समजून तिने मान सोलवटेपर्यंत घासली होती. तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की अशी त्वचा काळवंडते. तिची साखर वाढल्याचे तिथेच पहिल्यांदा कळले. नडगीवरचे तपकिरी डाग बहुधा निरुपद्रवी असतात, त्यांना मलमे चोपडत बसू नये. मात्र बेचक्यांतली बुरशी, जांघेतली खाज, वरचेवर येणारी गळवे अंगावर काढू नयेत. साखर वाढलेली असली की जंतूंचे फावते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. नसा बिघडल्या की पायांना घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, टाचा भेगाळतात. भेगेतून जंतू शिरतात आणि बधिर पायाला पत्ताही लागत नाही. हा बधिरपणा ओळखायला १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्यावर वाकेपर्यंत टेकवतात. डोळे मिटलेला माणूस 'टेकवा ना' म्हणतो, तेव्हा तंतू टेकलेलाच असतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोट-मांडीही दाखवावी. एकाच जागी सुई टोचून गाठी होतात आणि त्यांत इन्सुलिन नीट शोषले जात नाही.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला आपल्याच सभासदांपैकी फार थोड्यांनी उत्तर दिले, याचे वाईट वाटले. साखर मोजायला रांग लागते आणि पाय पाहायची वेळ आली की मंडळी घाईत असतात. तुम्हाला परके मानत नाही, म्हणूनच बोलून दाखवले.

हवे आहे ते असे: तपासणीचे तंतू, निर्जंतुक गॉज व पट्ट्या, बिनवासाचे मॉइश्चरायझर (बेचक्यांत लावायचे नाही, हे वाटताना सांगावे लागेल), तळवे पाहायला हातआरसे, फिकट रंगाचे सुती मोजे (रक्त-पू लगेच दिसतो), शिवाय दिवसभर थांबणारे स्वयंसेवक. मदत रोख, धनादेश वा वस्तुरूपाने. धनादेश मंडळाच्या नावे, पावती खजिनदारांकडूनच, वस्तू सीलबंद व मुदतीतल्या, सर्व ऑक्टोबरअखेर कार्यालयात. स्वयंसेवकांनी नावे काकूंकडे द्यावीत. ज्यांच्या पायाला आत्ताच जखम, सूज किंवा काळेपणा आहे त्यांनी शिबिराची वाट न पाहता आजच डॉक्टर गाठावा.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)