कोटेशनवर संगणकाच्या भागांची पूर्ण नावे लिहावीत

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

दहावी-बारावीचे निकाल लागले, की सांगली-मिरजेच्या संगणक दुकानांत पालकांची आणि मुलांची गर्दी सुरू होते. तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग घेऊन जोडलेला, म्हणजे आपण ज्याला ‘असेंबल्ड’ म्हणतो तो, घ्यावा असे अनेकांना वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वेळी दुकानातून जे कोटेशन हाती पडते, त्यावर भागांची नावे अर्धवट लिहिलेली असतात आणि त्यापायी ग्राहकाला भुर्दंड बसतो. गेल्या वर्षी आम्हाला तो बसला, म्हणून हे पत्र.

मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत २२ वर्षे टर्नरचे काम करतो. आमच्याकडे ‘बेअरिंग, १ नग’ अशी चिठ्ठी कोणी पाठवत नाही. ‘६२०५ झेडझेड’ असे लिहितात. ६२०५ म्हटले की आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि जाडी १५ हे ठरून जाते, आणि पुढच्या अक्षरांवरून दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण आहे हे कळते. त्या जागी ‘२आरएस’ लिहिले, तर रबरी सीलचे बेअरिंग येते. संगणकाच्या भागांचेही असेच असते, हे मला पैसे मोजून झाल्यावर समजले.

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या संगणकाच्या कोटेशनवर ‘रायझन ५, मदरबोर्ड, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, एसएमपीएस ४५० वॅट, कॅबिनेट’ एवढेच लिहिले होते. जोडणी आपणच करायची असा तिचा हट्ट होता, म्हणून आम्ही सगळे भाग खोक्यांसह घरी आणले. प्रोसेसरच्या, म्हणजे ‘रायझन ५’ या मुख्य चिपच्या, पोटाखाली केसासारख्या बारीक १३३१ पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण मदरबोर्डवरच्या (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डावरच्या) त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा असतो. जोर लावला, की पीन वाकली. हे काम तिने श्वास रोखून केले आणि ते अचूक झाले. एवढे करून बटण दाबले, तर पंखे फिरले, दिवा लागला, पण पडद्यावर काहीच उमटेना. दोन संध्याकाळी आम्ही केबली काढून-घालून पाहिल्या. शेवटी लक्षात आले, की आम्हाला मिळालेला प्रोसेसर ‘५६००’ आहे, ‘५६००जी’ नव्हे. ‘जी’ असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा भाग आतच असतो. नुसत्या ५६०० मध्ये तो नसतो, त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लावावेच लागते. यादीत कार्ड नव्हतेच. तो खर्च आमच्या हिशेबाबाहेरचा होता. इंटेलच्या प्रोसेसरमध्येही शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसते, आणि ‘के’ असेल तर त्याचा वेग वाढवण्याची मोकळीक असते.

या वेग वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मुलीला ते शिकायचे होते आणि माझ्या धंद्याशी नाते असल्याने मलाही त्याची गोडी लागली. पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, शोधले, तर प्रोसेसरचा वेग बदलण्याची सोयच सापडेना, कारण आमच्या मदरबोर्डचा चिपसेट, म्हणजे त्यावरची नियंत्रण करणारी चिप, ‘ए५२०’ होता आणि त्यावर ती सोय नसते. ‘बी५५०’ वर असते. खोके फोडलेले असल्यामुळे दुकानदाराने पैसे कापून बोर्ड बदलून दिला. वरचा फरक आम्ही भरला. कोटेशनवर ‘ए५२०’ ही अक्षरे असती, तर आम्ही निदान विचारले असते.

नव्या बोर्डावर काम सुरू केले, ते शंभरपानी वही घेऊन. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला गुणक लावतात. गुणक ४२ म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ. आम्ही गुणक पाव-पावने वाढवत गेलो आणि प्रत्येक पायरीला अर्धा तास पूर्ण भार देऊन गुणक, व्होल्टेज, तापमान आणि निकाल वहीत लिहीत गेलो. लेथवर कटिंग स्पीड थोडा वाढवला, तरी टूलचे आयुष्य कितीतरी पटींनी घटते. इथे तीच गोष्ट व्होल्टेजची. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग तोच ठेवून व्होल्टेज १.२ वरून १.३ केले, तरी उष्णता सुमारे १७ टक्के वाढते. खोक्यातल्या पंख्यावर तापमान ९० अंशांवर गेले, आणि या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे. मे महिन्यात सांगलीत पारा ४० च्या आसपास असताना तसे चालवणे मला पटेना, म्हणून मोठा कूलर बसवला आणि तापमान ७८ वर आले. ४.६ ला ४० मिनिटांनी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. ४.६५ ला तो सुरूच झाला नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला, तेव्हा जुनी मांडणी परत आली. अखेर आम्ही ४.५ वर थांबलो. पूर्ण भारावर आधी तो ४.१ च्या आसपास चालत होता. २० मिनिटांचे रेंडरिंग (संगणकाने चित्र किंवा व्हिडिओ तयार करण्याचे काम) आता सव्वाअठरा मिनिटांत होते. फायदा एवढाच आहे, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही पालकांनी जाणून असावे. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच नोंद करायची, ही सवय मुलीला त्या वहीने लावली. कारखान्यात नवीन पोराला ती लावायला मला दोन-दोन वर्षे लागतात.

रॅमवर ३२०० लिहिलेले असले, तरी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवण्याची सोय) सुरू करेपर्यंत आमची २६६६ वरच चालत होती, हेही त्याच वहीत आहे.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, अधिक काळजीने लिहितो, कारण त्यात धोका आहे. आम्हाला मिळालेल्या एसएमपीएसवर बाहेर ठळक ‘४५० वॅट’ होते. बाजूच्या कागदावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या १२ व्होल्टवरच चालतात. हे कळल्यावर तो आम्ही पुढे वापरलाच नाही.

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या दुकानदारांना माझी विनंती आहे, की कोटेशनवर आणि बिलावर प्रोसेसरचे नाव शेवटच्या अक्षरासह, मदरबोर्डचा चिपसेट, रॅमचा वेग आणि एसएमपीएसची कंपनी, मॉडेल व १२ व्होल्टचे अँपिअर लिहावेत. भागाच्या खोक्यावर हे बहुतेक छापलेलेच असते, उतरवून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. त्यांच्या संघटनेने कोटेशनचा एक छापील नमुना प्रवेशाच्या हंगामापूर्वी सर्व दुकानांना दिला, तर पालकांना दोन दुकानांच्या किमतींची खरी तुलनाही करता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)