वरच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू, सा. न.

खालून वर पत्र पाठवतोय म्हणून हसाल. पण समोर आलो की तुम्ही पोह्यांची प्लेट पुढे करता आणि आभार मानायचे राहूनच जातात.

मी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंग सांभाळतो. पार्टीला मेल इंग्रजीतच जातात. माल सोमवारपर्यंत गोदामात राहील, मग परत जाईल, एवढंच कळवायचं होतं. मी लिहिलं, 'द गुड्स विल बी इन द गोडाऊन बाय मंडे'. त्यांना वाटलं, सोमवारपर्यंत माल येऊन पडेल. गाडी मंगळवारी आली, तोवर माल परतीच्या वाटेवर होता. मालकांनी काय काय ऐकवलं ते इथे नको.

त्या रात्री गच्चीवर तुम्ही तो मेल दोनदा वाचलात. म्हणालात, "अरे, आपलं 'पर्यंत' दोन कामं करतं. त्या दिवसाच्या आत काम उरकायचं असेल तर 'बाय'. त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर 'अनटिल'." इतकी वर्षं इंग्रजी शिकलो, पण चूक माझ्या मराठीच्या 'पर्यंत'मधून येते हे कुणी दाखवलं नव्हतं.

'पासून'चंही तेच निघालं. सुरुवात सांगायची तर 'सिन्स', म्हणजे नागपूरची मेट्रो 'सिन्स 2019'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर'. माझ्या बायोडेटातल्या 'सिन्स फाइव्ह इयर्स'वर तुमची पेन्सिल फिरली ती तेव्हाच. पत्त्यांचं सोपं होतं: ॲट झीरो माइल, ऑन वर्धा रोड, इन नागपूर. टिंब, रेघ, जागा. 'डिस्कस'ला मी 'अबाउट' जोडलं की मात्र तुम्ही काही न बोलता चष्म्यावरून बघायच्या.

सगळ्यात अडलो ते 'मॅरीड टू'वर. लग्न कुणा'शी' होतं, मग 'विथ' काऊन नाही? तुम्ही म्हणालात, "मुलगी अमक्याला दिली म्हणतोस ना? तो 'ला' लक्षात ठेव." हे कारण मला आजही पटलेलं नाही, पण 'मॅरीड विथ' पुन्हा कधी लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच पार्टीला 'अनटिल फ्रायडे' कळवलं. त्यांची गाडी गुरुवारीच आली. रविवारी संत्री घेऊन वर येतो, पोहे करू नका.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा