रविवारच्या बैठकीत सगळ्यांनी तोंड उघडायचं आहे!

सर्व सभासदांना नमस्कार.

हल्ली बैठकीत बोलणारे तेच चार-पाच जण असतात. बाकीचे माना डोलावतात आणि खरी चर्चा रंगते ती चपला घालताना, जिन्यात. मागच्या वेळी आत सगळे 'छान, छान' म्हणाले. 'शेवट काही पटला नाही बुवा' हे ऐकू आलं बाहेर. ती जिन्यातली चर्चा आत आणा.

येत्या रविवारचा विषय आपल्या सांगलीचाच: मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे आणि त्यांचं १८४३ सालचं 'सीतास्वयंवर' हे नाटक. त्यांच्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपले संवाद आयत्या वेळी रचून बोलायची. मग नाटक कोणाचं, भाव्यांचं की नटांचं? संस्थानिकांचा आश्रय नसता तर ते उभं राहिलं असतं का? मत अर्धवट असलं तरी चालेल.

पहिला अर्धा तास मागच्या वेळी गप्प बसलेल्यांचा. नेहमीच्या वक्त्यांनी तोवर चहाचं बघावं. मध्येच कोणाला तोडू नये. सनावळीची चूक नंतर सांगता येते. उभं राहून बोलायचा संकोच असेल, तर चिठ्ठी द्या, वाचून दाखवू.

जागा नेहमीचीच, वेळ संध्याकाळी ५.३०. चहाबरोबर भडंग आहे.