ताप उतरल्यावरचे दोन दिवस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल "ताप उतरलाय, उद्या सबमिशनला जातेय" म्हणालीस, मी नको म्हटलं आणि तू फोन ठेवलास. म्हणून लिहितोय, लेखी तरी मला मधेच तोडता येणार नाही. आधी एवढं सांग, शेवटची लघवी किती वाजता झाली?

डेंग्यूत खरी काळजी ताप उतरताना असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप गेल्यावर 24 ते 48 तास केशवाहिन्या पाझरतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसांभोवती उतरतं, रक्त दाट होतं आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का, चढतो. तू मला फक्त प्लेटलेट्स कळवतेस, 62 हजार. आईही त्याच आकड्याला घाबरते. डेंग्यूत माणूस बहुधा गळतीनं दगावतो, प्लेटलेट्सच्या आकड्यानं नाही. तुझा पीसीव्ही सोमवारी 36 होता, काल 40. 43 च्या वर गेला की 20 टक्के वाढ झाली. मग हॉस्टेलवर थांबायचं नाही.

तुझी रूममेट चार दिवसांत कॅन्टीनला जायला लागली, मान्य. तिचा हा पहिलाच डेंग्यू असेल. तुझ्या रिपोर्टात तिसऱ्याच दिवशी एनएस-1 (विषाणूचं प्रथिन) बरोबर आयजीजीही (उशिरा तयार होणाऱ्या अँटिबॉडीज) पॉझिटिव्ह आहे, आणि पहिल्या डेंग्यूत आयजीजी इतक्या लवकर दिसत नाही. म्हणजे तुझा हा दुसरा असावा. चौथीतलं ते आजारपण आठवतंय ना? तोच पहिला असणार. सहा दिवस पेजेशिवाय काही नाही, आणि आजीच्या मांडीवरून उठायला तयार नव्हतीस.

विषाणूचे प्रकार चार. जो होऊन गेला त्याच्यापासून संरक्षण टिकतं. दुसरा आला की जुन्या अँटिबॉडीज त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्याला पांढऱ्या पेशींच्या आत पोचवतात, आणि तिथंच तो वाढतो. घरभेद्यानं कडी काढून द्यावी तसं. क्युबात 1977 ला पहिला प्रकार पसरला, 1981 ला दुसरा, आणि त्या वर्षी 158 जण गेले. 1997 ला क्युबातल्याच सँटियागोत दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा वीस वर्षांपूर्वी पहिला होऊन गेलेली मोठी माणसंच गंभीर झाली. मधे बरीच वर्षं गेली म्हणून निर्धास्त राहता येत नाही, एवढंच म्हणायचंय. दुसऱ्यांदा झालेले बहुतेक जण बरे होतात, हेही लिहायला हवं. तूही होशील. पण लघवीची वेळ कळव.

मग तुझ्यात आणि दादात फरक का? एकच घर, तेच डास, तरी तेव्हा त्याला कणकणीपलीकडे काही झालं नव्हतं. थोडा वाटा जनुकांचा असतो. 1981 च्याच साथीत क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत गंभीर डेंग्यू कमी दिसला. व्हिएतनाममध्ये डेंग्यू शॉक झालेल्या दोन हजारांवर मुलांची जनुकं इतरांशी ताडली (2011 ला छापून आलं), तेव्हा दोन जागा सापडल्या. एक एमआयसीबी: शरीराच्या मारक पेशी ज्या खुणांवरून बाधित पेशी ओळखतात त्यातली एक. दुसरं पीएलसीई-1: त्यात मोठा बिघाड असला तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं गळतात. एक विषाणूला आवरण्याशी जोडलेलं, दुसरं बहुधा गळतीशी. पण परिणाम छोटा, त्यावरून तुझं भाकीत करता येणार नाही. म्हणून तर आकडे मागतोय.

लेक्चर झालं, माफ कर. कामाचं लिहितो. दिवसभरात अडीच लिटर, पण नुसतं पाणी नको: ओआरएस, नारळपाणी, पेज. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी, पुढची सहा तासांनंतरच. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, मेडिकलवाल्यानं दिलं तरी. पपईच्या पानांचा रस मावशी पाठवेल. उलटी होणार असेल तर राहू दे. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, थंड हातपाय, गुंगी किंवा सहा तास लघवी नाही, यातलं एक जरी झालं तरी थेट कॅज्युअल्टी, रात्रीचे तीन वाजले असले तरी. सलाइन किती लावायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. गळती थांबल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं, तेव्हा जास्त दिलेलं फुप्फुसांना जड जातं.

सबमिशन पुढे ढकलता येतं. तुझ्या मार्कांचा अभिमान मी चारचौघांत मिरवतो, तुला ठाऊक आहे.

उद्या सकाळी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कर आणि आधी पीसीव्ही पाठव, मग प्लेटलेट्स. आई रात्रीच्या गाडीनं निघतेय, तिला नको म्हणू नकोस.

तुझे बाबा